बारा मुलींचा दौरा

उज्जैनच्या मुलींच्या शाळेतलं गाण्याचं पथक आफ्रिकेला जाणार, ही बातमी छपन्न सालच्या जूनमध्ये फ्रीगंजात पसरली, तेव्हा निम्म्या लोकांना ती थापच वाटली. पथक इंदूर-ग्वाल्हेरला जाऊन बक्षिसं आणतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोटीनं समुद्रापार?

बातमी खरी होती. नैरोबीला राहणाऱ्या मराठी आणि गुजराती मंडळींना तिकडे मुलींची शाळा काढायची होती. त्यांच्यातल्या एकानं सुट्टीत इंदूरला आला असताना पथकाचा कार्यक्रम पाहिला होता, आणि परत गेल्यावर मंडळींना गळ घालून रीतसर आमंत्रण धाडलं होतं. मोंबासाला दोन आणि नैरोबीला चार कार्यक्रम, जाण्यायेण्याची सोय त्यांची. मुली बारा, सोबत तबल्याला वसंतराव, त्यांची बायको, आणि पथक ज्यांनी उभं केलं त्या दुर्गा पागनीस.

दुर्गा तेव्हा चौतीस वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर फ्रीगंजातल्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. गाण्याची शिक्षिका म्हणून शाळेत लागली तेव्हा ‘प्रार्थना बसवून घेत जा’ एवढंच तिला सांगितलं होतं. तिनं आठ वर्षांत पथक तयार केलं. त्यातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे संजा. भाद्रपदात पितृपक्ष लागला की मालव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं संजा काढतात, फुलांनी सजवतात, तिची गाणी म्हणतात आणि सोळा दिवसांनी तिला सासरी पाठवतात, म्हणजे नदीत सोडतात. दुर्गानं त्या गाण्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम बांधला होता. मधोमध बसून गायची ती माणिक शेवडे.

माणिक सोळा वर्षांची. अंगानं किरकोळ, बोलायला लागली तर शेजारच्या बाकावर ऐकू येणार नाही. पण गायला लागली की गोपाळमंदिरासमोरच्या चौकातसुद्धा तिला लाउडस्पीकर लागला नव्हता. तिचे वडील रेल्वेत होते, रतलामला वारले. तेव्हापासून ती आणि तिची आई मंगलाबाई कार्तिक चौकात काकांकडे राहायच्या. काका यज्ञेश्वर शेवडे कोर्टात नाझर होते.

काकांनी परवानगी साफ नाकारली.

“बाई, तिकडे बंड चालू आहे,” ते म्हणाले. “गोऱ्यांच्या मळ्यांवर हल्ले होऊन राहिलेत. पोरीला काही झालं तर जवाबदारी कोणाची? आणि परत आल्यावर हिच्याशी लग्न कोण करेल? गाणारी-नाचणारी म्हणतील लोक. नाही, बिलकुल नाही.”

दुर्गा तीनदा गेली. तिसऱ्यांदा जिना उतरून रस्त्याला लागली तेव्हा मागून मंगलाबाई आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत.

“दुर्गाबाई, माझं ह्या घरात काही चालत नाही, तुम्ही बघताच,” त्या म्हणाल्या. “पण तिला जाऊ दे असं मला फार वाटतं हो. मी रतलामच्या पुढे काही पाहिलं नाही.”

त्यावर दुर्गानं काय करावं? माणिकशिवाय संजा म्हणजे काहीच नाही. तिकडची मंडळी जाहिरातीसाठी पथकाचा फोटो मागत होती. दुर्गानं स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि माणिकला मुद्दाम पुढे, मधोमध बसवलं. अजून परवानगी नाही, हे तिला माहीत होतं. तरीही फोटो पाठवून दिला. देवाला आणि यज्ञेश्वरकाकांना काय करायचं ते करू दे, असं ती वसंतरावांना म्हणालीसुद्धा.

ऑगस्टच्या शेवटी काका आपणहून शाळेत आले. सही केलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

“विचार केला मी,” ते म्हणाले. “पोर हुशार आहे, तिला मना करून पाप कशाला घ्यायचं? फक्त एक काम करा. नैरोबीला माझे एक ओळखीचे आहेत, गोपाळकृष्ण वैशंपायन. रेल्वेत आहेत. त्यांना एवढं पत्र द्या.”

बंद पाकीट होतं. दुर्गानं ते आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, आणि त्या दिवशी टांगा न करता, पायीच, गुणगुणत घरी गेली. आपण जिंकलो असं तिला वाटलं होतं.

अनंतचतुर्दशी झाली आणि मंडळी निघाली. नागद्याला गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईहून बोट. पहिले तीन दिवस अर्ध्याअधिक मुली ओकाऱ्यांनी बेजार झाल्या. माणिकला काही झालं नाही. ती सगळ्यांची तोंडं पुसायची, लिंबं चिरून द्यायची. पितृपक्ष लागला होता. बोटीवर शेण कुठलं? मग पोरींनी खडूनं डेकवरच संजा काढली. रोज संध्याकाळी नवी काढायच्या, सकाळी खलाशी पाण्यानं धुऊन टाकायचे.

एका संध्याकाळी माणिक दुर्गाजवळ कठड्याला टेकून उभी राहिली.

“बाई, मॅट्रिक झाल्यावर मला शाळेत घेतील का गाणं शिकवायला? तुमच्या हाताखाली?”

“घेतील की. मी सांगेन.”

“मग मी फ्रीगंजात एक खोली घेणार. आईला तिकडे आणणार.” मग ती म्हणाली, “आईनं काकांच्या घरी बारा वर्षांत कधी गरम पोळी खाल्ली नाही. सगळ्यांचं झालं की मगच बसते.”

दुर्गानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा पर्समधलं पाकीट तिच्या खांद्याला लटकलेलं होतं, आणि तिच्या मनात त्याचा विचारही नव्हता.

मोंबासाचे कार्यक्रम झाले, तिथून आगगाडीनं मंडळी नैरोबीला पोचली. हवा थंड, रस्त्यांवर जांभळ्या फुलांनी लदबदलेली झाडं. बंडामुळे अंधार पडल्यावर बाहेर फिरायला बंधनं होती, म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवले होते. मुलींना दोन-दोन करून घराघरांत उतरवलं होतं. पहिल्या दिवशी माणिकनं संजा गायली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. कित्येकजणी लग्न होऊन आल्या त्या पंधरा-वीस वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या.

कार्यक्रमानंतर सूट घातलेले एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी नाव सांगितलं, वैशंपायन. वय अडतीस-एकोणचाळीस, कानांवर केस पिकलेले. दुर्गानं हसून पर्स उघडली आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिथेच फोडून वाचलं. मग दुर्गाकडे पाहत म्हणाले, “तुम्ही त्यांच्या बाजूनं उभ्या राहणार ना? बरं वाटलं. इथे आमचं वडीलधारं कुणी नाही.”

“कशाला उभी राहणार?”

वैशंपायनांचा चेहरा उतरला. “तुम्हाला काही सांगितलं नाही त्यांनी?”

त्यांनी पत्र तिच्यापुढे धरलं. काकांचं कोर्टातलं वळणदार अक्षर. चिरंजीव माणिक हिला आपल्या स्वाधीन करीत आहे. आपण फोटो पाहून पसंती कळवलीत, आम्ही धन्य झालो. विवाह तिकडेच उरकून घ्यावा, येथून कोणी येऊ शकत नाही. सोबत दुर्गाबाई आहेत, त्या वडीलकीच्या नात्याने उभ्या राहतील. पालक म्हणून माझी पूर्ण संमती आहे.

फोटो. माणिकला मुद्दाम मधोमध बसवून दुर्गानंच इकडे धाडलेला.

“ती सोळा वर्षांची आहे,” ती म्हणाली.

“पंधरा पुरी झाली की पालकाच्या संमतीनं चालतं, मी चौकशी केली. बाई, माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली. दोन मुलं आहेत, धाकटी सात वर्षांची. मला वाईट माणूस समजू नका. मुलीच्या घरच्यांना पसंत आहे असंच मला कळवलं होतं.” त्यांनी पत्राची घडी घातली. “मी जबरदस्ती करणार नाही. ती नाही म्हणाली तर तिला परत घेऊन जा.”

त्यांनी खरोखरच दरडावलं असतं तर बरं झालं असतं, असं दुर्गाला पुढे कितीदा वाटलं. भांडायला समोर कुणीतरी मिळालं असतं.

तिनं मुख्याध्यापिकाबाईंना तार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: पालकाची लेखी संमती असल्यास शाळेने मध्ये पडू नये. इकडे घराघरांतून कुजबुज सुरू झाली होती. ज्यांच्याकडे दुर्गा उतरली होती त्या बाई स्वयंपाकघरात तिला म्हणाल्या, “चांगलं स्थळ आहे हो. सरकारी घर, नोकरी, माणूस निर्व्यसनी. बापाविना पोर, तिकडे तिला ह्याहून काय मिळणार? उगाच आता तमाशा झाला तर बाकीच्या मुलींचीही नावं घेतील लोक.”

माणिकला सांगायचं काम दुर्गाचंच होतं. नवरात्रातल्या अष्टमीच्या दिवशी, शेवटच्या कार्यक्रमाआधी, तिनं तिला मागच्या अंगणात नेलं. माणिकच्या केसांत गजरा होता, डोळ्यांत काजळ घातलेलं होतं. दुर्गानं पत्रात होतं ते सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर माणिकनं एकच विचारलं.

“बाई, आईला माहीत आहे?”

दुर्गाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, असंच म्हणायला हवं होतं. पण ठाऊक नाही म्हटलं की पुढे उभं राहावं लागणार होतं, माणिकचा हात धरून, ह्या सगळ्या भल्या माणसांसमोर, आणि परत गेल्यावर काकांसमोर आणि शाळेसमोर. ती चार दिवस झोपली नव्हती. आणि आईला माहीत नसेल, असं कसं होईल? एका घरात राहून?

“असेलच गं,” ती म्हणाली.

माणिकनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “बरं.”

त्या दुपारी ती गायली. वसंतराव नंतर म्हणाले की इतकं चांगलं ती कधीच गायली नव्हती. दुर्गानं ऐकलं नाही. ती पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती.

चातुर्मास होता, पण दसरा साडेतीन मुहूर्तांतला, म्हणून लग्न दसऱ्याला झालं. वसंतराव आणि त्यांच्या बायकोनं कन्यादान केलं. शालू कुणाचा तरी मागून आणलेला होता, माणिकला तो इतका लांब होत होता की चालताना दोन मुली उचलून धरत होत्या. मंगलाष्टकं मुलींनी म्हणावीत असं ठरलं होतं. माणिकची जिवाभावाची मैत्रीण जयू तेवढी म्हणेना. ती खांबाला धरून उभी राहिली, आणि दुर्गानं खुणावलं तर तिनं सरळ मान फिरवली.

चौथ्या दिवशी सगळी मंडळी मोंबासाच्या गाडीत बसली. माणिक पोचवायला आली होती. वैशंपायनांच्या धाकट्या मुलीनं तिचं बोट पकडलं होतं. सगळ्याजणी खिडकीतून हात बाहेर काढून रडत होत्या, माणिक रडली नाही.

“आईला सांगा, मी बरी आहे,” ती म्हणाली. गाडी हलली तेव्हा ती त्या लहान मुलीच्या सुटलेल्या रिबिनीची गाठ मारत होती.

परतीच्या बोटीवर कुणी गायलं नाही. दुर्गाशी मुली ‘हो बाई’, ‘नाही बाई’ एवढंच बोलायच्या.

उज्जैनच्या स्टेशनवर सकाळी हीऽऽ गर्दी. शाळेच्या मुली रांगेनं उभ्या, बँड, झेंडूचे हार. वर्तमानपत्रवालेही दोघे आले होते. एकेक मुलगी उतरली की आईबाप तिला पोटाशी धरायचे. दुर्गाच्या गळ्यात कुणी हार घातला. हाराच्या वरून तिला दिसल्या त्या मंगलाबाई. नळाजवळ एकट्या उभ्या होत्या, हातात पितळी डबा. त्या उतरणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघत होत्या, आणि ती माणिक नाही असं दिसलं की लगेच पुढच्या डब्याच्या दाराकडे. सगळ्या उतरल्या. मग त्या स्वतःच डब्यापाशी आल्या आणि वाकून खिडकीतून आत बघायला लागल्या.

“माणिक झोपली का हो?” त्यांनी दुर्गाला विचारलं. “चिरोटे आणलेत मी. गरम आहेत अजून.”

बँड वाजत होता. दुर्गानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना वेटिंगरूममध्ये नेलं. काय काय सांगितलं ते तिला पुढे आठवेना. एवढंच आठवे की ऐकताना मंगलाबाई तिच्या तोंडाकडे न बघता गळ्यातल्या हाराकडे बघत होत्या, आणि तो काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

“भाऊजी तर म्हणाले, दिवाळीच्या आत येईल,” मंगलाबाई म्हणाल्या. मग विचारलं, “तिनं विचारलं नाही, मला माहीत आहे का म्हणून?”

खोटं बोलायला अजून एक संधी होती. ती दुर्गानं घेतली नाही.

“विचारलं होतं.”

“मग?”

“मी म्हटलं, असेलच.”

मंगलाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं, उठल्या, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. कार्तिक चौकातच गेल्या. त्यांना दुसरं घर कुठे होतं? त्या दिवशीही दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांनीच केला, असं शेजारणीनं सांगितलं.

दुर्गानं सगळी हकीकत लिहून काढली आणि एकतीस ऑक्टोबरला ती शिक्षणखात्याच्या वरच्या कचेरीत गेली. व्हरांड्यात फायलींचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवले होते, ट्रकमध्ये चढत होते. दुसऱ्या दिवसापासून मध्य भारत हे राज्यच उरणार नव्हतं. एका म्हाताऱ्या कारकुनानं तिचा अर्ज उभ्याउभ्याच वाचला, चष्मा काढला.

“बाईजी, मेरी भी बेटी है,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पण ह्यावर कोणी काही करू शकणार नाही. काकानं सही दिलेली आहे. लिहायचंच असेल तर आता भोपाळला लिहा.” अर्ज त्यानं तिला परत दिला.

तिनं भोपाळलाही लिहिलं. पोच आली, पुढे काही आलं नाही. त्या वर्षी पथकाला दिल्लीहून बोलावणं आलं तेव्हा दुर्गानं नकार कळवला आणि पुन्हा नुसती प्रार्थना बसवायला लागली. जयूनं गाणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दुर्गाच्या दारावर थाप पडली. मंगलाबाई होत्या. सहा-सात महिन्यांत किती वाळल्या होत्या! त्या आत आल्या, पण पाणी घेतलं नाही.

“माणिकची पत्रं येतात. भाऊजी वाचून दाखवतात,” त्या म्हणाल्या. “दोन-दोन पानं भरून असतात, आणि हे ‘सर्व खुशाल आहे’ म्हणतात नि खिशात घालतात. मला वाचायला शिकवा. लिहायलाही.”

दुर्गानं पाटी आणली. त्या दिवसापासून रोज दुपारी दोन वाजता, घरचे झोपले की, मंगलाबाई कार्तिक चौकातून फ्रीगंजापर्यंत उन्हातून चालत यायच्या, तासभर बसायच्या आणि जायच्या. पाटीवरच्या अक्षराशिवाय दुसरा शब्द नाही. एकदा दुर्गानं, “मंगलाबाई, मी तुमची...” असं म्हणायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, “हा ‘ण’ पुन्हा काढून दाखवा.” ‘ण’ त्यांना मुलीच्या नावासाठी हवा होता.

चार महिन्यांनी त्यांनी पहिलं पत्र लिहिलं. एका ओळीला पाच-सहा मिनिटं लागत होती. लिहून झाल्यावर तपासायला म्हणून दुर्गापुढे सरकवलं. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत एवढंच होतं: माणिक मला माहीत नव्हतं. तुझी आई.

दुर्गानं त्यात काही दुरुस्त केलं नाही. पत्ता लिहिला, आणि उत्तर इथे यावं म्हणून खाली आपल्या घराचा पत्ता घातला.

उत्तर दिवाळीनंतर आलं, विमानाच्या निळ्या कागदावर. दुर्गानं ते न उघडता दोन वाजेपर्यंत टेबलावर ठेवलं. मंगलाबाईंनी फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, कारण मनातल्या मनात वाचायला त्या अजून शिकल्या नव्हत्या. एकेक शब्द बोटानं धरत.

तीर्थरूप आईस. तुझं अक्षर खूप वेळ बघत बसले. तुला माहीत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. माहीत असतं तर तू ट्रंकेत तुझी लग्नातली हिरवी साडी घातली असतीस. बाई बोलून गेल्यावर मी सगळी ट्रंक...

मंगलाबाई अडल्या. घाईनं लिहिलेलं अक्षर त्यांना लागेना. त्यांनी कागद दुर्गाकडे फिरवून त्या शब्दावर बोट ठेवलं.

“उपसली,” दुर्गा म्हणाली.

सगळी ट्रंक उपसली. साडी नव्हती. पण मी नाही म्हटलं असतं तर काकांनी तुला घरात ठेवलं नसतं, म्हणून मी बरं म्हटलं. इथली मुलं चांगली आहेत. हे रागावत नाहीत. गाण्यासाठी पेटी घेऊन देतो म्हणतात, मीच नको म्हटलं. बाईंना तू काही बोलू नकोस.

हे शेवटचं वाक्यही त्यांनी बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानंच वाचलं, आणि वाचून झाल्यावर आपण कुणासमोर वाचलं ते त्यांच्या लक्षात आलं. दुर्गा समोर बसलेली होती. तिला उठून जायला जमलं नाही, की त्यांच्याकडे बघायलाही जमलं नाही. खाली रस्त्यावर टांगेवाला कुणाशी तरी भाड्यावरून हुज्जत घालत होता. दोघीही ते ऐकत बसल्या.

मग मंगलाबाईंनी पत्राच्या होत्या तशाच घड्या घातल्या आणि ते पोलक्यात ठेवलं. पाटी पुसून भिंतीशी लावली. चपला घातल्या.

“येते,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता दुर्गानं दार उघडून ठेवलं. मंगलाबाई आल्या नाहीत. त्यांना आता वाचता येत होतं.